शोभेच्या फुलवृक्षांवरील किडी आणि त्यांचा बंदोबस्त

शेतातल्या पिकावर कीड पडली म्हणजे औषध मारायचे की नाही, हे ठरवण्यासाठी कृषिकीटकशास्त्राकडे एक पक्के माप आहे. किडीमुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा कमी असेल तोवर फवारणी करू नये, आणि ते खर्चाच्या पलीकडे जाण्याची चिन्हे दिसू लागताच करावी, असे ते माप होय. त्याला ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात, आणि १९५९ साली कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी लसूणघासावरील माव्याच्या अभ्यासातून ते मांडल्यापासून जगभरचे पीकसंरक्षण त्याच्या आधाराने चालत आले आहे. रस्त्याकडेच्या गुलमोहराला, मंदिराच्या आवारातील चाफ्याला किंवा गृहनिर्माण संस्थेच्या अंगणातील बहाव्याला मात्र हे माप लागू पडत नाही, कारण या झाडांचे उत्पन्न क्विंटलमध्ये मोजता येत नाही. साहजिकच तेथे निर्णय नजरेच्या भरवशावर होतो: पाने कुरतडलेली दिसली, अंगावर अळी पडली, झाडाखाली उभी केलेली गाडी चिकट झाली, की तक्रार होते आणि तक्रारीपाठोपाठ फवारणीचा पंप येतो. शोभेच्या झाडांच्या बाबतीत नजरेवरचा हा भरवसा बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. जी कीड सर्वांत भयंकर दिसते ती झाडाला क्वचितच मारते, आणि जी झाडाला खरोखर मारते ती झाड वाळू लागेपर्यंत बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

पाने खाणाऱ्या अळ्या हे यातील पहिल्या प्रकारचे उदाहरण. जून महिन्यात पाऊस सुरू होऊन बहाव्याला कोवळी पालवी आली की ‘कॉमन एमिग्रंट’ या फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखराच्या माद्या तिच्यावर एकेक करून अंडी घालतात आणि थोड्याच दिवसांत हिरव्या अळ्या पाने फस्त करू लागतात. गुलमोहर आणि सोनमोहर यांच्यावर ‘थ्री-स्पॉट ग्रास यलो’ या पिवळ्या फुलपाखराच्या अळ्या थव्याने वाढतात, आणि याच दोन झाडांवर ‘पेरिसायमा क्रूगेरी’ नावाच्या पतंगाची, पाठीची कमान करीत चालणारी उंटअळीही येते. तिचा उद्रेक झाला तर आख्ख्या झाडाची पाने जाऊन नुसते देठ उरू शकतात. सोनचाफ्यावर ‘टेल्ड जे’ या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या असतात, तर तगर आणि कण्हेर यांच्यावर मोठ्या, मांसल, डोळ्यासारखे निळे ठिपके असलेल्या अळ्या दिसतात, ज्यांच्यापासून हिरव्या नक्षीचा देखणा पतंग तयार होतो. या अळ्यांनी पाने खाल्ली म्हणजे झाड आजारी पडले, असा समज सर्वत्र आढळतो; तो टिकत नाही, आणि का टिकत नाही हे झाडाचे वार्षिक वेळापत्रक पाहिले म्हणजे कळते.

बहावा, गुलमोहर, पांगारा, काटेसावर आणि पळस ही सारी पानझडीची झाडे आहेत, म्हणजे वर्षातून एकदा सर्व पाने टाकून देणे आणि पुन्हा नवी पालवी काढणे हा त्यांचा जन्मजात क्रम आहे. त्यांची फुले हिवाळ्याच्या शेवटापासून पावसाच्या तोंडापर्यंत, बहुधा निष्पर्ण किंवा अर्धवट पर्णहीन अवस्थेत येतात. त्या फुलांना लागणारे अन्न मागील पावसाळ्यात पानांनी तयार करून खोडात आणि मुळांत साठवलेले असते. त्यामुळे अळ्यांनी जुलैमध्ये झाड ओरबाडले तरी त्या वर्षीचा बहर केव्हाच होऊन गेलेला असतो, जमिनीत ओल भरपूर असते आणि पुढील काही आठवड्यांत नवी पाने येऊन अन्नसाठ्याचे काम पुन्हा सुरू होते. एकाच हंगामात दोन-तीनदा पर्णहानी झाली, किंवा ती सलग काही वर्षे होत राहिली, तरच पुढील बहर विरळ होतो. नव्याने लावलेल्या, दोन-तीन वर्षांच्या रोपाची गोष्ट अर्थातच वेगळी आहे. त्याच्याकडे साठा नसतो, म्हणून त्याच्यावरील अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे योग्य ठरते. कमरेएवढ्या झाडासाठी याहून अधिक काही लागतही नाही.

मोठ्या झाडावरील अळ्यांचा बंदोबस्त निसर्गात आपोआप होत असतो आणि त्याची गती अळ्यांच्या मागे थोडी रेंगाळणारी असते, एवढेच. पावशा आणि चातक हे कोकिळेच्या कुळातले पक्षी, इतर पक्षी ज्यांना टाळतात त्या केसाळ सुरवंटांवरही ताव मारतात. अनेक जातींच्या सूक्ष्म गांधीलमाश्या अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले अळीला आतून खाऊन बाहेर पडतात. अशा कीटकांना ‘परोपजीवी कीटक’ म्हणतात, आणि जे भक्ष्याला थेट धरून खातात ते ‘परभक्षी’. अळ्यांची संख्या वाढल्यानंतर या दोन्हींची संख्या वाढते, म्हणजे मध्ये दोन-तीन आठवड्यांचा काळ असा जातो की झाड बिचारे उघडे पडलेले दिसते. नेमक्या याच काळात फवारणी झाली तर अळ्यांबरोबर त्यांचे शत्रूही मरतात आणि पुढची पिढी मोकळ्या रानात वाढते. केसाळ अळ्यांचा माणसाला होणारा त्रास मात्र खरा आहे. त्यांचे केस त्वचेत रुतून खाज आणि पुरळ येते, म्हणून शाळेच्या किंवा दवाखान्याच्या आवारात त्यांचे थवे खोडाच्या खालच्या भागात गोळा झालेले असताना झाडूने खाली पाडून पुरणे आवश्यक ठरते. हा उपाय माणसांसाठी आहे, झाडासाठी नव्हे, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे.

याच्या अगदी उलट प्रकार खोड पोखरणाऱ्या किडींचा. ‘इंदरबेला’ या पतंगाची अळी, जिला शेतकरी साल खाणारी अळी म्हणून आंबा, पेरू आणि बोरीवर ओळखतात, ती गुलमोहर, बहावा, कांचन अशा शोभेच्या झाडांवरही तितकीच रमते. उन्हाळ्याच्या अखेरीस मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी फांदी जेथे खोडाला मिळते अशा बेचक्यात एक बीळ पाडते, दिवसभर त्यात दडून राहते आणि रात्री बाहेर येऊन साल खाते. बाहेर येण्याचा मार्ग ती उघडा ठेवीत नाही, तर रेशमाच्या धाग्यांत आपली विष्ठा आणि सालीचा चुरा गुंफून त्याचा तपकिरी, वेडावाकडा बोगदा खोडावर तयार करते, आणि त्या छपराखालीच हिंडते. वर्षाला तिची एकच पिढी होते, म्हणजे एक अळी नऊ-दहा महिने त्याच खोडावर मुक्काम करते. साल खाल्ली जाते तेव्हा सालीच्या आतील, पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा थर तुटतो; एका फांदीभोवती हा थर पूर्ण तुटला तर ती फांदी वाळते, आणि खोडावर अशी बिळे दहा-बारा झाली तर जुने झाडही खंगत जाऊन एखाद्या वादळात बेचक्यात मोडते.

या किडीवर पानांवर केलेल्या फवारणीचा काहीही उपयोग होत नाही, कारण ती पाने खातच नाही. उपाय हातांनीच करावा लागतो आणि तो सोपा आहे: जाळ्या खरवडून काढायच्या, बीळ मोकळे करायचे, त्यात लवचीक तार खुपसून अळी मारायची, आणि तार तळापर्यंत पोहोचत नसेल तर रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून बिळाचे तोंड चिकणमातीने लिंपून टाकायचे. हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अळ्या लहान असताना, केले तर सर्वांत कमी श्रमात होते. पुढे हिवाळ्यात केले तरी चालते. मे महिन्यात केले तर पतंग उडून गेलेले असतात आणि हाती रिकामे बीळ लागते. शहरातील झाडांची काळजी घेण्याचे जे जे म्हणून उपाय सांगितले जातात त्यांत परिणामाच्या मानाने इतका स्वस्त दुसरा नाही, आणि इतका दुर्लक्षितही नाही.

लांब शिंगांचे भुंगेरे अधिक खोल जातात. ‘बॅटोसेरा’ या मोठ्या भुंगेऱ्याची मादी सालीला चावा घेऊन खाचेत अंडी घालते आणि तिची पांढरी, जाड अळी खोडाच्या लाकडातच वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बोगदे करीत राहते. आंबा आणि अंजीर यांच्याप्रमाणे काटेसावरही तिच्या यजमानांत मोडते. खोडाच्या छिद्रातून गळणारा लाकडाचा जाडसर भुसा आणि पाझरणारा चीक ही तिची खूण होय. यापेक्षा वाळवीची भीती बरीच कमी करायला हरकत नाही. जिवंत झाडाच्या खोडावर मातीचा लेप चढवणारी वाळवी बहुतांशी सालीचा बाहेरचा मेलेला भाग खात असते, आणि लेप काढून टाकून बुंध्याभोवती कुजणारी लाकडे व पाला साचू न देणे एवढे सहसा पुरते. झाडाच्या गाभ्यात वाळवी सापडली तर गाभा आधीच कुजलेला होता, असे समजावे.

रस शोषणाऱ्या किडी या दोन टोकांच्या मध्ये येतात, आणि शहरी झाडांच्या संदर्भात सर्वांत मोठा वाद त्यांच्याच भोवती आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण ही या गटाची मुख्य मंडळी. त्यांची सोंड पानांतील किंवा कोवळ्या फांदीतील अन्नरसवाहिनीत रुतलेली असते. त्या रसात साखर भरपूर आणि नत्र फार कमी असल्यामुळे पुरेसे नत्र मिळवण्यासाठी त्यांना रस अतोनात प्यावा लागतो, आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने शरीराबाहेर टाकावी लागते. झाडाखालच्या मोटारीवर, बाकावर आणि खालच्या पानांवर पडतो तो हा गोड स्राव. त्याच्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते, ती पानाला पोखरत नाही, मात्र प्रकाश अडवते. याच गोडीसाठी मुंग्या येतात, आणि आपल्या या दुभत्या जनावरांना ढालकिड्यांपासून व गांधीलमाश्यांपासून राखतात. म्हणून खोडावर मुंग्यांची सतत चढउतार दिसली तर वर रस शोषणारी कीड असल्याचा तो भरवशाचा पुरावा असतो, आणि खोडाभोवती कापडाची किंवा प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावला, व जवळच्या भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, तर मुंग्यांची राखण सुटते आणि कीड तिच्या शत्रूंच्या हाती आपोआप पडते.

पिठ्या ढेकणाची रचना फवारणीला दाद न देण्यासाठीच घडली असावी, असे वाटावे अशी आहे. मादीला पंख नसतात. तिचे मऊ शरीर मेणाच्या पांढऱ्या पुडाने झाकलेले असते, अंडी मेणाच्या कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी असतात, आणि पाण्यात मिसळलेले औषध या मेणावरून ओघळून जाते. अंड्यातून निघालेली पिल्ले मात्र पहिले काही दिवस उघडी आणि फिरती असतात. वाऱ्यावर, मुंग्यांबरोबर, माळ्याच्या कात्रीला चिकटून ती पुढच्या झाडावर जातात. फवारणीचा जो काही उपयोग व्हायचा तो या अवस्थेतच होतो, आणि त्यासाठीही जहाल औषधाची गरज नसते. मेण फोडणारे साबणाचे सौम्य द्रावण आणि निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे ५ किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, थोडा साबण घालून १०० लिटर केलेले द्रावण. त्यातील कडू द्रव्य किडीची भूक मारते आणि तिचे कात टाकणे बिघडवते, परंतु उन्हात त्याचा प्रभाव लवकर नाहीसा होतो, म्हणून ते संध्याकाळी फवारायचे असते.

मुंबईच्या उपनगरांत गेल्या दशकात वर्षावृक्ष एकामागून एक वाळले तेव्हा दोष याच पिठ्या ढेकणावर आला. त्याचा प्रादुर्भाव होता, यात वाद नाही. परंतु वाळलेल्या झाडांपैकी अनेकांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट काँक्रीट किंवा फरसबंदी आलेली होती, रस्त्याच्या कामांत मुळे तोडली गेली होती, आणि फांद्या एकाच बाजूने छाटून झाडाचा तोल बिघडवलेला होता, हेही तितकेच खरे. पाण्याचा ताण पडलेल्या झाडात नत्राची विरघळणारी रूपे रसात वाढतात, म्हणजे रस शोषणाऱ्या किडीला तोच रस अधिक सकस होतो. शिवाय रस्त्यावरील धूळ पानांवर बसली की सूक्ष्म गांधीलमाश्यांना भक्ष्य शोधणे अवघड जाते. अशा झाडावर कीटकनाशक मारणे म्हणजे रोगाचे कारण जमिनीत असताना उपचार आभाळात करणे होय. खोडाभोवती निदान एक मीटरची माती मोकळी करणे, उन्हाळ्यात दर पंधरवड्याला मुळांना खोलवर पाणी देणे, आणि पाण्याच्या जोरदार झोताने पानांवरची धूळ व ढेकूण दोन्ही धुऊन काढणे हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणूनच कदाचित ते होत नाही.

वर्षावृक्षाच्या उदाहरणातून आणखी एक धागा निघतो. महाराष्ट्रातील शहरांना रंग देणाऱ्या फुलवृक्षांपैकी निम्म्याहून अधिक नावे परदेशी मुळांची आहेत: गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष आणि पांढरा चाफा मध्य अमेरिका व तिच्या आसपासच्या प्रदेशातले, नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. ही झाडे बियांच्या किंवा फाट्यांच्या रूपाने समुद्र ओलांडून आली तेव्हा त्यांचे मूळचे शत्रू मागे राहिले. कॅरिबियन बेटांवर चाफ्याची पाने वीतभर लांबीची, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी झपाट्याने खाऊन टाकते; ती अळी भारतात नाही, म्हणून आपल्याकडे चाफा निर्धास्त झाड मानला गेला. ही सूट मात्र कायमची नसते. मध्य अमेरिकेतून निघालेली सर्पिल पांढरी माशी, जी पानाच्या पाठीवर मेणाची वर्तुळाकार नक्षी काढीत अंडी घालते, ती १९९३मध्ये केरळात पोहोचली आणि चाफा, बदाम, पेरू यांच्यावर पसरली. त्याच प्रदेशातील पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८मध्ये कोइमतूरला आढळला आणि २०१०मध्ये पुण्याच्या परिसरात आला; पपई आणि तुती यांच्याबरोबर जास्वंद आणि चाफाही त्याने सोडला नाही. जुने झाड आणि त्याच्या मूळ मुलुखातली कीड यांची गाठ अशी शेकडो वर्षांनी परक्या भूमीवर पडते, आणि किडीचे शत्रू अजून आलेले नसल्यामुळे पहिली काही वर्षे तिचाच अंमल चालतो.

अशा वेळी शत्रूलाच बोलावून आणणे, याला ‘जैविक नियंत्रण’ म्हणतात. पपईवरच्या ढेकणाच्या बाबतीत बंगळुरूच्या एका राष्ट्रीय संशोधनसंस्थेने २०१०मध्ये प्वेर्तो रिको येथून तीन जातींच्या सूक्ष्म गांधीलमाश्या मागवल्या, बंदिस्त जागेत त्यांची चाचणी घेतली आणि त्याच वर्षी त्या सोडण्यास सुरुवात केली. त्या तिघींतील ‘असेरोफॅगस पपाये’ ही पिवळसर, एक मिलिमीटरहूनही लहान माशी सर्वांत प्रभावी ठरली आणि थोड्याच काळात तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्रातील उद्रेक ओसरला. त्याआधी शेतकऱ्यांनी औषधांवर केलेला खर्च पाहता भारतीय कीटकशास्त्राचे हे अलीकडचे सर्वांत उजळ यश म्हणावे लागेल. पिठ्या ढेकूण खाणारा ‘क्रिप्टोलेमस’ हा ऑस्ट्रेलियन ढालकिडा तर भारतात १८९८मध्येच आणला गेला होता आणि आजही प्रयोगशाळांत वाढवून विकला जातो. या किड्याच्या बाबतीत एक सावधगिरी सांगण्याजोगी आहे. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते आणि मोठ्या आकाराच्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते, त्यामुळे घाईघाईने ‘मोठे ढेकूण’ चिरडणारा माळी बहुधा रखवालदारालाच मारीत असतो. ढेकूण जागचा हलत नाही किंवा अगदी सावकाश सरकतो, क्रिप्टोलेमसची अळी मात्र चपळाईने हिंडते. ओळखण्यास एवढी खूण पुरे.

पांगाऱ्याची कथा याच सूत्राची उलटी बाजू दाखवते, कारण येथे झाड आपले आणि कीड परकी आहे. कोकणात व गोव्यात कुंपणाला लावला जाणारा, वसंतात पाने झडल्यावर लालभडक फुलणारा पांगारा केरळात मिरीच्या वेलींना आधार म्हणूनही लावतात. ‘क्वाड्रास्टिकस एरिथ्रिने’ ही पूर्व आफ्रिकेतील जेमतेम दीड मिलिमीटरची गांधीलमाशी पांगाऱ्याच्या कोवळ्या पानांत आणि देठांत अंडी घालते. अळी आत वाढू लागली की तिच्या उत्तेजनाने वनस्पतीच्या पेशी बेसुमार वाढतात आणि पाने व शेंडे फुगून वेड्यावाकड्या गाठी तयार होतात. या गाठींना ‘पिटिका’ असे शास्त्रीय नाव आहे. अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंत सारे सुमारे वीस दिवसांत उरकते, म्हणून वर्षभर पिढ्यांवर पिढ्या होत राहतात. या जातीला शास्त्रीय नाव मिळाले २००४मध्ये. पुढच्याच वर्षी ती हवाई बेटांवर आढळली, काही महिन्यांत तेथील सर्व मोठ्या बेटांवर गेली, आणि त्याच सुमारास केरळातील मिरीच्या बागांतही पोहोचली. हवाईत शोभेसाठी लावलेला भारतीय पांगारा मोठ्या प्रमाणावर मेला आणि तोडावा लागला; तेथील ‘विलीविली’ हा पांगाऱ्याचा स्थानिक भाऊबंद नामशेष होण्याची भीती उभी राहिली. शास्त्रज्ञ मग माशीच्या मूळ प्रदेशात गेले, टांझानियात तिच्या अळ्या खाणारी ‘युरिटोमा एरिथ्रिने’ ही दुसरी गांधीलमाशी त्यांना सापडली, आणि पूर्ण चाचण्यांनंतर नोव्हेंबर २००८मध्ये ती हवाईत सोडण्यात आली. विलीविलीच्या पानांवर आणि फांद्यांवर पुन्हा निरोगी वाढ दिसू लागली. फुलांवर आणि शेंगांवर मात्र त्रास बराच उरला. आपल्याकडे एखाद-दुसऱ्या पांगाऱ्यावर गाठी दिसल्या तर गाठींसह फांद्या छाटून जाळणे एवढेच हाती राहते, आणि छाटणीनंतर येणारी कोवळी पालवी माशीला अधिकच प्रिय असल्यामुळे वारंवार छाटणी करणे उलट महागात पडते.

कीड आणि संपत्ती यांतला फरकही कधी कधी केवळ पाहणाऱ्याच्या गरजेचा असतो. पळसाच्या फांद्यांवर चिकटून रस शोषणारा लाखेचा कीटक खवले किडीचाच जवळचा नातलग. तो फांद्या खंगवतो यात शंका नाही. तरीही त्याने स्रवलेली राळ म्हणजे लाख असल्यामुळे झारखंड, छत्तीसगड आणि विदर्भाच्या पूर्व भागात लोक पळसावर आणि बोरीवर त्याची मुद्दाम पेरणी करतात, आणि त्याच्या अभ्यासासाठी रांचीला १९२४मध्ये स्वतंत्र संशोधनसंस्था स्थापन झाली. सावरीच्या बुंध्याशी शेकड्यांनी जमणारे लाल-काळे ढेकूणही असेच उगाच बदनाम झालेले आहेत. ते प्रामुख्याने गळालेल्या बियांतला रस शोषतात, झाडाला त्यांच्यापासून धोका नाही.

पानावरचा प्रत्येक डाग किडीचा नसतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. चाफ्याच्या पानांच्या पाठीवर पावसाळ्यात नारिंगी भुकटी दिसते, ती ‘तांबेरा’ नावाच्या बुरशीची असते आणि तिच्यावर कीटकनाशकाचा काडीचाही परिणाम होत नाही. गळलेली पाने गोळा करून नष्ट करणे आणि झाडाच्या पानांवर वरून पाणी न ओतणे हा तिचा उपाय. शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडत असेल तर बहुधा लोहाची कमतरता असते. फेब्रुवारीत गुलमोहर पिवळा पडून गळतो तो तर त्याचा धर्मच आहे.

रासायनिक औषधांचा प्रश्न शेवटी उरतो, आणि फुलझाडांच्या बाबतीत तो पिकांपेक्षा अवघड आहे. कीटकनाशके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात: अंगाला लागताच मारणारी ‘स्पर्शजन्य’ आणि झाडाच्या रसात मिसळून सर्वत्र जाणारी ‘आंतरप्रवाही’. चाळीस फुटी झाडावर स्पर्शजन्य औषध मारायचे तर टाकी व ताकदवान पंप लागतो, आणि निम्मे द्रावण वाऱ्याबरोबर खिडक्यांत, गाड्यांवर व रस्त्यावरील माणसांवर जाते. म्हणून मुळांजवळ ओतायची किंवा खोडात टोचायची आंतरप्रवाही औषधे सोयीची वाटतात. झाडाचा रस शोषणाऱ्या किडीपर्यंत ती पोहोचतात हे खरे, परंतु त्याच वाटेने ती फुलांतील मधुरसात आणि परागांतही उतरतात. जून २०१३मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात विल्सनव्हिल या गावी वाहनतळावरील ५५ लिंडन वृक्षांवर, माव्याचा चिकट स्राव गाड्यांवर पडतो म्हणून, ‘डायनोटेफ्युरान’ हे निऑनिकोटिनॉइड गटातील औषध झाडे फुलात असताना मारण्यात आले; पाठोपाठ झाडांखाली भुंगमाश्यांचा खच पडला, मृत माश्यांची संख्या ५० हजारांच्या पुढे गेली, आणि उरलेल्या माश्या येऊ नयेत म्हणून झाडांवर जाळी पांघरावी लागली. त्यानंतर लिंडन वृक्षांवर या गटातील औषधे वापरण्यास त्या राज्याने बंदी घातली, आणि युरोपीय संघाने २०१८मध्ये याच गटातील तीन औषधांचा उघड्यावरील वापर थांबवला. आपल्याकडे बहावा, तामण, पांगारा आणि सावर यांच्या बहराच्या काळात आग्या मोहोळापासून भोरड्यांपर्यंत किती जीव त्या झाडांवर अवलंबून असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतात १९६८च्या कीटकनाशक कायद्यानुसार प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर ते कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या किडीसाठी मंजूर आहे हे छापलेले असते, व विषारीपणाची पायरी लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाने दाखवलेली असते. शोभेच्या मोठ्या झाडांची नावे या मंजुरीत सहसा सापडत नाहीत. लाल त्रिकोणाचे औषध निवासी आवारात आणू देऊ नये, हा नियम प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने स्वतःपुरता करून टाकावा. किडलेल्या फांद्या छाटायच्या असतील तर शहरांत महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करावा, कारण झाड तोडणे आणि त्याच्या फांद्यांची मोठी छाटणी या गोष्टी वृक्ष प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावल्याशिवाय काम संपले असे मानू नये. सप्टेंबरमध्ये सालीवरची जाळी तपासावी, पावसाळा सरल्यावर मुंग्यांच्या वाटा अडवाव्यात, उन्हाळ्यात बुंध्याला पाणी द्यावे, आणि झाडावर फूल असेपर्यंत कोणतेही कीटकनाशक त्याच्या जवळ नेऊ नये.